समुद्राकाठचं गाव निवडताना

माझे थोरले भाऊ १९९१ मध्ये सोलापूर सोडून मस्कतला गेले आणि २०२४ मध्ये परत आले. गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते, आले तेव्हा साठीचे. अब्बा गिरणीत साच्यावर होते. गिरणीचे दिवस भरत आलेत हे साऱ्या गल्लीला दिसत होतं, म्हणून भाईजाननी एअर कंडिशनर दुरुस्त करायचं काम शिकून घेतलं आणि विमान धरलं. आखातातल्या उन्हात त्यांनी तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या खोल्या थंड केल्या.

परत आल्यावर पहिला महिना पाहुण्यांत गेला. दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. हातात प्लॅस्टिकची फाइल होती, तिच्यात पुण्याच्या मुलानं छापून दिलेले कागद. म्हणाले, "तू बी.ए. झालायस, कविता करतोस, चार पुस्तकं वाचतोस. हे जरा वाच आणि सांग, यांतलं कुठलं गाव बरं." मी कागद पाहिले. थायलंड, मलेशिया, मॉरिशस. निळं पाणी, पांढरी वाळू, वेताच्या खुर्चीवर बसलेलं हसरं वयस्क जोडपं. निवृत्तीनंतर परदेशातल्या शांत समुद्रगावी राहायला या, असं ते कागद सांगत होते.

मला हसू आलं. पण भाईजान हसत नव्हते. ते म्हणाले, "तेहतीस वर्षं दर शुक्रवारी संध्याकाळी मतरहच्या समुद्राकाठी एका ठरलेल्या बाकावर बसत होतो. आता इथं रात्री झोप येत नाही. कानात काहीतरी कमी पडतंय."

सोलापूरच्या माणसाला समुद्र कमी पडावा ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटते. आपलं गाव पठारावरचं आणि कोरडं. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, नळाला पाणी दिवसाआड नाही तर तीन-चार दिवसांआड येतं. पाणी म्हणजे सिद्धेश्वराचं तळं आणि उजनीचं धरण. पण ओढ ही ओढ असते, तिला भूगोल विचारून चालत नाही. म्हणून मी ठरवलं, हसायचं नाही. एक वही घ्यायची आणि नीट शोधायचं. पुढे तीन-चार महिने आम्ही दोघे भाऊ त्या वहीवर बसलो. त्यात जे कळलं ते आज आपल्याला सांगतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरात कुणीतरी बाहेर आहे आणि हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात त्यांच्याही दारात येणार आहे.

पाहुणा की रहिवासी?

वहीतला पहिला प्रश्न होता: ते गाव आपल्याला काय म्हणून ठेवून घेणार आहे?

शब्दांची गंमत बघा. गोरा माणूस गोव्यात घर भाड्यानं घेऊन राहिला तर त्याला एक्स्पॅट म्हणतात. आमचे भाईजान तेहतीस वर्षं मस्कतला राहिले, त्यांना लेबर म्हणत. कायद्याच्या डोळ्यांत मात्र दोघंही पाहुणेच. आखातात राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. पैसेवाल्यांसाठी आता वेगळे परवाने निघालेत, दुबईनं २०२० मध्ये पंचावन्न वर्षांवरच्यांसाठी पाच वर्षांचा निवृत्तीचा व्हिसा सुरू केला, पण त्याच्या अटी मोठ्या बचतीच्या. साध्या कामगाराची नोकरी संपली की परवानाही संपतो. तेहतीस वर्षं एका गावाला हवा थंड पुरवून माणूस बॅग भरून निघतो आणि त्याच्या बाकावर दुसरा येऊन बसतो.

निवृत्तांचे व्हिसा देणारे देश त्याहून थोडे उदार आहेत, पण तेही हिशोबी आहेत. थायलंडमध्ये वय पन्नासच्या पुढे असावं लागतं आणि तिथल्या बँकेत आठ लाख बाथ, म्हणजे आपले वीस लाखांहून जास्त रुपये, ठेवावे लागतात. नाहीतर महिन्याला पासष्ट हजार बाथ उत्पन्न दाखवावं लागतं. मुदत वर्षाची. दरवर्षी नव्यानं अर्ज करायचा आणि दर नव्वद दिवसांनी आपण कुठं राहतो ते सरकारला कळवायचं. मलेशियानं २००२ मध्ये 'मलेशिया माय सेकंड होम' नावाची योजना सुरू केली. सुरुवातीला ती मध्यमवर्गाला झेपत होती. २०२१ मध्ये अटी एकदम कडक झाल्या आणि २०२४ मध्ये तीन पायऱ्या झाल्या. त्यातल्या खालच्या पायरीलाही दीड लाख अमेरिकन डॉलरची ठेव लागते, म्हणजे सव्वा कोटी रुपयांच्या वर. तो आकडा मी वाचला तेव्हा भाईजाननी चष्मा काढून पुसला आणि पेनांग ह्या नावावर स्वतःच्या हातानं रेघ मारली.

यातून एक गोष्ट शिकायची. आजचा नियम उद्याचा नसतो. पोर्तुगालनं २०१२ मध्ये घर विकत घेणाऱ्या परदेशी माणसाला राहण्याचा परवाना द्यायला सुरुवात केली आणि २०२३ मध्ये घराचा तो दरवाजा बंद केला. म्हणून ज्याचं सारं गणित एका परदेशी नियमावर उभं आहे त्यानं परतीचं भाडं नेहमी खिशात ठेवावं.

आणखी एक. असा व्हिसा म्हणजे नागरिकत्व नव्हे. पासपोर्ट आपला भारतीयच राहतो. उद्या तिथलं नागरिकत्व मिळालं आणि घेतलं, तर १९५५ च्या कायद्याप्रमाणे इथलं जातं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. २००५ पासून 'ओ.सी.आय.' कार्ड मिळतं, त्यावर येता-जाता येतं, राहता येतं. पण मत देता येत नाही आणि शेतजमीन घेता येत नाही.

पैसा आणि जमीन

दुसरा प्रश्न पैशाचा. परदेशात राहणाऱ्याच्या पैशाला दोन नावं असतात, तो जिथं मिळतो तिथलं आणि जिथं खर्च होतो तिथलं. ह्या दोन नाण्यांतला भाव रोज हलतो. २००४ मध्ये एका डॉलरला पंचेचाळीस रुपयांच्या आसपास पडत होते, आता पंच्याऐंशीच्या वर पडतात. आखातात कमावून इथं खर्च करणाऱ्याला हे सोयीचं होतं. इथल्या व्याजावर तिकडं राहायचं म्हटलं की हाच काटा उलटा फिरतो. रुपया घसरला की तिकडची भाजी महागते, जरी तिकडच्या मंडईत भाव हललेला नसला तरी.

रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे इथं राहणारा माणूस वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवू शकतो. २००४ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा ही मर्यादा पंचवीस हजारांची होती. आपल्याला अडचण मर्यादेची नाही, तेवढे असण्याची आहे. जे आखातातून परत आलेत त्यांच्यासाठी एक सूचना. कायमचं परत आल्यावर अनिवासी म्हणून काढलेलं एन.आर.ई. खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला सांगून ते साधं निवासी खातं करायचं, किंवा परकीय चलनातलं आर.एफ.सी. खातं उघडून पैसे तिकडं वळवायचे. पुन्हा बाहेर जायचा विचार असेल तर दुसरा मार्ग बरा. आमच्या भाईजानना हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि जमीन? थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही. इमारतीतला फ्लॅट घेता येतो, पण एका इमारतीतल्या एकूण क्षेत्राच्या एकोणपन्नास टक्क्यांहून जास्त परदेशी लोकांकडे जाऊ शकत नाही. मॉरिशसमध्ये सरकारमान्य प्रकल्पातच घर घ्यावं लागतं आणि त्यावर राहण्याचा परवाना हवा असेल तर किंमत किमान पावणेचार लाख डॉलर. म्हणून माहीतगार लोक एकच सांगतात: वर्षभर भाड्यानं राहा, मग बोला. घर विकत घेतलं की माणूस गावाकडं बघणं सोडतो आणि घराच्या किमतीकडं बघू लागतो.

दवाखाना, ऋतू, बाजार

तिसरा प्रश्न दवाखान्याचा. शांत गाव म्हणजे बहुतेक वेळा मोठ्या हॉस्पिटलपासून लांबचं गाव. चाळिशीत ती शांतता आवडते. सत्तरीत रात्री दोन वाजता छातीत कळ आली की त्याच शांततेची भीती वाटते. साठीनंतर परदेशी आरोग्यविमा महाग होतो आणि आधीपासूनच्या साखर-रक्तदाबाला बऱ्याचदा वगळतो. उलट आपल्याकडं ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान योजनेतून वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचाराची सोय झाली आहे. ती इथल्या हॉस्पिटलांत चालते, फुकेतमध्ये नाही. म्हणून वहीत लिहिलं: चांगला दवाखाना एका तासाच्या आत हवा.

चौथा प्रश्न ऋतूचा. छापील कागदावर नेहमी डिसेंबर असतो. पण गाव बारा महिन्यांचं असतं. मॉरिशसला साधारण नोव्हेंबर ते मे चक्रीवादळांचा मोसम. थायलंडचे दोन किनारे वेगवेगळ्या वेळी भिजतात, अंदमान समुद्राकडचा मे ते ऑक्टोबर, आखाताकडचा ऑक्टोबर ते डिसेंबर. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आपल्याला आठवत असेल, तिनं फुकेतला झोडपलं, पेनांगलाही सोडलं नाही. आणि समुद्र चढतोय. १९०१ ते २०१८ या काळात जगभरच्या समुद्राची सरासरी पातळी वीत-भर, सुमारे वीस सेंटिमीटर, वाढल्याचं शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानं २०२१ मध्ये सांगितलं. खिडकीखाली लाट हवी असणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. गाव निवडायचं तर त्याच्या सगळ्यांत वाईट महिन्यात जाऊन बघावं.

पाचवा प्रश्न बाजाराचा. हा आम्हाला सुचलाच नव्हता, भाभीनं विचारला. "तिथं ज्वारीचं पीठ मिळतं का?" आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी ज्या गावात नाही ते गाव सुंदर असेल, पण तिथं रोज सकाळी काहीतरी चुकल्यासारखं वाटणार.

समुद्राकाठी येऊन राहिलेले

वही भरत होती तसा मला जुन्या माणसांचा नाद लागला. परक्या मुलखात आयुष्य काढलेली माणसं आपल्याला नवी नाहीत.

आपल्याच गावचं उदाहरण आधी घेऊ. भय्या चौकातल्या डॉ. कोटणीसांच्या घराच्या स्मारकावरून आपण रोज जातो. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये सोलापुरात जन्मले. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. बाकीचे परतले, हे थांबले. चिनी भाषा शिकले, तिथल्या परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव भारत आणि चीन या दोन्ही नावांतली अक्षरं घेऊन 'यिनहुआ' ठेवलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच वारले. ते हवामान बघून गेले नव्हते, कामासाठी गेले. पण एक धडा त्यातून मिळतो. परक्या गावात ज्याला काम आहे तो लवकर तिथला होतो. ज्याला फक्त आराम आहे तो बराच काळ पाहुणा राहतो.

दुसरं उदाहरण उलट्या दिशेचं. ब्रह्मदेशचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं. पुढे त्याच्यासाठी वाडा बांधला, तो थिबा पॅलेस. उंचावरून भाट्याची खाडी दिसते, पलीकडं समुद्र. अशा जागेसाठी आज लोक कोटी मोजतील. पण राजानं ती जागा निवडली नव्हती. तीस वर्षं समुद्र बघून तो १९१६ मध्ये तिथंच गेला आणि तिथंच पुरला गेला. त्याच्याही आधी आमचा कवी-बादशहा बहादुरशहा जफर दिल्लीतून रंगूनला नेला गेला होता, १८६२ मध्ये तिथंच दफन झाला. इंग्रजांनी दोन राजांची जणू अदलाबदल केली. कवी म्हणून मला हे फार लागतं. देखावा दोन्हीकडं चांगला असेल. पण जिथून परत जाता येत नाही तिथला समुद्रसुद्धा भिंत असतो.

आणि तरी, थिबाची एक नात रत्नागिरीत मराठी बोलत राहिली, तिथंच म्हातारी झाली. राजा परका राहिला, नात गावची झाली. दोन पिढ्या लागल्या.

तिसरं उदाहरण कोकणी मुसलमानांचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी-शेवटी रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या खेड्यांतून माणसं दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला गेली. गाव समुद्राचं, पलीकडं टेबल माउंटन. दुकानं काढली, मशिदी बांधल्या, घरात कोकणी जपली. मग १९५० मध्ये तिथल्या वर्णद्वेषी सरकारनं वस्त्या कातडीच्या रंगाप्रमाणे वाटणारा कायदा केला. त्यामुळे अनेकांना आपली जुनी घरं सोडून रायलँड्ससारख्या, भारतीयांसाठी नेमून दिलेल्या भागात जावं लागलं. त्यांनी गाव निवडताना काही चूक केली नव्हती. गावानंच आपला नियम बदलला.

आमच्या मामूंनाही हा अनुभव आहे. ते १९९० मध्ये कुवेतला होते. २ ऑगस्टला इराकचं सैन्य शिरलं. अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय परत आणले, त्यांत मामू एक. घरी आले तेव्हा हातात एक बॅग होती आणि बॅगेत कुणाचे तरी बूट होते, त्यांचे नव्हते.

मॉरिशसच्या नावापाशी मात्र भाईजान बराच वेळ थांबले. १८३४ पासून तिथं साडेचार लाखांच्या आसपास गिरमिटिये उतरले. पोर्ट लुईसचा तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांची मुलं आज क्रिओल बोलतात, पण शाळेत मराठी विषय घेता येतो आणि गणपती वाजतगाजत समुद्रात सोडले जातात. मशिदीही आहेत. "मराठी आहे, अजान आहे, समुद्र आहे," भाईजान म्हणाले, "मग अडतंय कुठं?"

भाभीचा प्रश्न

अडलं स्वयंपाकघराच्या दारात. इतके दिवस भाभी चहा आणून ठेवी आणि जाई. त्या दिवशी ती बसली. आमच्या घरात दखनी बोलतात, मी तिचं बोलणं मराठीत सांगतो.

ती म्हणाली, "तुम्ही दर दोन वर्षांनी दोन महिने येत होता. मी मोजलेत. सोळा वेळा आलात. बत्तीस महिने झाले, तीन वर्षंसुद्धा नाहीत. बाकी तीस वर्षं मी या गावात एकटी राहिले. अब्बांचं आजारपण काढलं, अम्मींचं काढलं, पोराच्या फीसाठी रांगेत उभी राहिले. रात्री ताप आला तर कुणाचं दार वाजवायचं हे मला इथं ठाऊक आहे. तुम्ही परदेशात राहून आलात. आता मला परदेशात न्यायला निघालात. तिथं तुम्ही माझ्याआधी गेलात तर मी कुणाचं दार वाजवू?"

खोलीत कुणी बोललं नाही. वहीत आम्ही कितीतरी कलमं लिहिली होती, व्हिसा, विमा, वादळ. हे कलम नव्हतं. आणि सगळ्या कलमांच्या वर असायला हवं होतं ते हेच.

मला वाटतं, म्हातारपणी गाव निवडण्याचा खरा नियम एवढाच आहे. दोघांनी मिळून गाव निवडू नये. मागं जो एकटा राहील, त्याला राहता येईल असं गाव निवडावं. त्याला तिथली भाषा यायला हवी, औषधाचं दुकान चालत जाता येईल इतकं जवळ हवं, बँकेत सही त्याची चालायला हवी, आणि मेल्यावर काय करायचं हे शेजाऱ्याला माहीत हवं. आमच्यात मय्यत शक्य तितक्या लवकर दफन करायची रीत आहे. परदेशातून मय्यत आणायची तर दाखले, दूतावासाची कागदपत्रं आणि मग विमानाच्या मालाच्या विभागातून प्रवास. त्या कागदांवर एकट्या बाईनं परक्या भाषेत सह्या करायच्या. छापील कागदावरच्या वेताच्या खुर्च्या नेहमी दोन असतात. त्यांतली एक कधीतरी रिकामी होणार असते.

साडेतीनशे किलोमीटरवरचा परदेश

भाईजान चार दिवस गप्प होते. मग त्यांनीच विचारलं, "आपल्याकडचा समुद्र किती लांब?" सोलापूरहून रत्नागिरी रस्त्यानं साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मस्कतला जाणाऱ्या माणसानं तेवढं अंतर कधी मोजलंच नव्हतं.

वहीतला नियम पाळायचा म्हणून आम्ही वाईट महिना निवडला. जुलै. रत्नागिरीच्या बाजूला दोन खोल्या महिन्याभरासाठी भाड्यानं घेतल्या. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आपल्याकडं त्याच्या जेमतेम चौथा हिस्सा. पहिल्या आठवड्यात कपडे वाळले नाहीत. वीज गेली ती दीड दिवस आली नाही. भाईजानच्या गुडघ्यांनी तक्रार केली. पावसाळी मासेमारीबंदी होती, होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या होत्या. समुद्र काळा दिसत होता आणि त्याच्या जवळ जायची सोय नव्हती. पण रात्रभर तो ऐकू येत होता. भाईजान सांगतात, आठव्या दिवशी ते सकाळी सातपर्यंत झोपले.

भाभीचं वेगळंच चाललं होतं. शेजारच्या घरात एक कोकणी मुसलमान बाई होत्या. त्यांची कोकणी हिला कळेना, हिची दखनी त्यांना कळेना. शेवटी दोघी मराठीत आल्या. पंधराव्या दिवशी तांदळाच्या भाकरीच्या बदल्यात ज्वारीची भाकरी कुंपणावरून गेली. मी मराठीत लिहितो म्हणून तीस वर्षं लोक मला विचारतात, "तुम्ही मराठीत कसे?" भाभीला तिथं कुणी विचारलं नाही. तिला दुसरी भाषाच उपलब्ध नव्हती.

मग एका दलालानं प्लॉट दाखवला. समुद्र दिसणारा, भाव परवडणारा. सातबारा पाहिला तर जमीन शेतीची. १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. आम्ही गिरणी कामगाराची मुलं, आमच्या नावावर गुंठाभर शेत नाही. शिवाय किनाऱ्यालगत सागरी नियमन क्षेत्राचे नियम आहेत. १९९१ मध्ये ते पहिल्यांदा आले आणि २०१९ मध्ये बदलले. आजही विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, दाट वस्तीच्या भागात ही मर्यादा पन्नास मीटर आहे. दलाल म्हणाला, "होईल हो सगळं." आम्ही म्हणालो, नक्को. आपल्यापैकी कुणी कोकणात जागा बघत असेल तर बिनशेतीचा आदेश आणि भरतीरेषेचं अंतर, हे दोन कागद आधी मागावेत.

सध्या भाईजान आणि भाभीचं ठरलंय ते असं. हिवाळ्यातले चार महिने त्या दोन खोल्या भाड्यानं, बाकी वर्ष सोलापूर. घर विकत घ्यायचं नाही. तिथल्या एका बर्फाच्या कारखान्यात भाईजानना हंगामापुरतं मशीन बघायचं काम मिळालंय. पगार थोडा आहे, पण कोटणीसांकडून घेतलेला धडा उपयोगी पडला. आता ते तिथं कुणीतरी आहेत. आणि भाभीनं शेजारणीच्या घराची दुसरी किल्ली आपल्याकडं आणि आपली तिच्याकडं ठेवली आहे.

वही माझ्याकडं आहे. परवा एक ओळखीचे गृहस्थ आले होते, त्यांची मुलगी कॅनडात आहे आणि त्यांना तिथं एका किनाऱ्यावरच्या गावात कायमचं बोलावतेय. त्यांनी वही मागितली. मी दिली, आणि पहिल्या पानावर भाभीचा प्रश्न लाल शाईनं लिहून दिला. ते वाचून म्हणाले, "हे मला बायकोला विचारावं लागेल." मी म्हटलं, तेच आधी करा.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)